जनकाबाई ऑर्केस्ट्राला गेली तेव्हा

कनेरगाव नाक्यावर, हिंगोली-वाशीम रस्त्याला लागून जनकाबाईचा ढाबा होता. पाटीवर एका देवाचं नाव होतं, पण ते रंगवणाऱ्याशिवाय कोणी वाचलं नसावं. ट्रकवाले त्याला 'बोंबलणाऱ्या बाईचा ढाबा' म्हणत. हे जनकाबाईला ठाऊक होतं आणि तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. "बोंबललं न्हाई तर भट्टीवरल्याला ऐकू येत न्हाई," ती सांगायची, "आन् भट्टीवर माझाच नवरा हाय."

हा आवाज तिनं माहेराहून आणला होता. सेनगावकडच्या एका वाडीत तिच्या बापाची मेंढरं होती. ती पोरवयात या माळावरून त्या माळावरच्या मेंढराला नाव घेऊन शिव्या द्यायची आणि मेंढरू मुकाट्यानं मागं फिरायचं. तिचं लग्न झालं ते पुंजाजीशी. पुंजाजी तेव्हा ट्रकवर क्लीनर होता आणि दिवसभराचं बोलणं चार शब्दांत उरकायचा. पोरगी पसंत आहे का, असं विचारल्यावर त्यानं मान हलवली. ती होकारानं हलली की नकारानं, यावर त्याच्या घरात वाद पेटला, आणि तो मिटायच्या आत दोघांना हळद लागली होती.

ट्रकवरचं काम सुटल्यावर, एक्क्याण्णव साली, दोघांनी नाक्यावर चार पत्रे ठोकून ढाबा टाकला. जेवण झणझणीत होतं. पण लोक थांबायचे ते निम्मे जनकाबाईचं तोंड ऐकायला. सोयाबीनचा एक व्यापारी एकदा म्हणाला, "बाई, डाळ फार पातळ आहे." जनकाबाई म्हणाली, "शेठजी, खायला मागितली व्हती का वर बसायला?" तो व्यापारी पुढं दर आठवड्याला यायला लागला.

तिच्या दोन मैत्रिणी होत्या. एक पद्माबाई. ढाब्याच्या शेजारच्या शेडमध्ये ती ब्लाउज शिवायची. तोंडात सतत फुटाणे असायचे, त्यामुळे तिचं अर्धं बोलणं कुरुमकुरुममध्ये जायचं. दुसरी सत्यशीला, आरोग्य उपकेंद्रातली सिस्टर. पंच्याण्णव साली ती बदलून आली, त्या दिवशी तिची एसटी चुकली आणि ती भर उन्हात नाक्यावर उभी राहिली. त्या काळात नव्या माणसाला पाणी देण्याआधी आडनाव विचारणारे लोक काही कमी नव्हते. जनकाबाईनं आतूनच विचारलं, "ओ बाई, तिखट चालतं का?" सत्यशीला चालतं म्हणाली. ती जेवली, ठसका लागून रडली आणि पुन्हा वाढून घेतलं. तेव्हापासून सत्यशीला तिला आक्का म्हणायची, आणि जनकाबाई तिला लोकांसमोर सिस्टर आणि एरवी सत्ते.

दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत सत्यशीला तीन पास घेऊन ढाब्यावर आली.

"आक्का, हिंगोलीत ऑर्केस्ट्रा आहे. रविवारी. येतेस का?"

जनकाबाईच्या हातातला झारा कढईतच राहिला. आपल्याकडं ऑर्केस्ट्रा म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. चमचमत्या कोटातला गाणारा, टिकल्या लावलेल्या झग्यातली गाणारी, मधे नकला करणारा एक, आणि स्टेजवर धूर. गणपतीत असे कार्यक्रम व्हायचे, पण ते रात्री आणि पिऊन आलेल्यांच्या गर्दीत. जनकाबाईनं ते फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले. हा कार्यक्रम मात्र दुपारचा होता, कारण संध्याकाळी लोडशेडिंग.

"शिट्ट्या मारू देतेत का?" तिनं विचारलं.

"बघू," सत्यशीला म्हणाली.

पद्माबाईनं पास हातात घेतला आणि अक्षर लावून लावून वाचला. "पाश्चात्त्य... अभिजात... संगीत. हा अभिजात कोण आहे गं?"

"गाणारा आसंल. नवा आसंल," जनकाबाई म्हणाली.

सत्यशीलाला शब्दाचा अर्थ माहीत होता. मुंबईचा वाद्यवृंद जिल्ह्या-जिल्ह्यांत फिरत होता आणि हॉल भरलेला दिसावा म्हणून ऑफिसाऑफिसांत पास वाटले होते. खरं सांगितलं तर या दोघी येणार नाहीत आणि एकटीनं जायला आपल्याला जमणार नाही, हे ओळखून ती गप्प बसली. रविवारपर्यंत जनकाबाईनं दोन बोटं तोंडात घालून शिट्टीचा सराव केला. पहिल्या दोन दिवसांत नुसती थुंकी उडाली. तिसऱ्या दिवशी अशी शिट्टी निघाली की वाशीमकडं जाणारी एक एसटी ब्रेक मारून थांबली.

रविवारी तिघी काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसून हिंगोलीला गेल्या. जनकाबाईनं लेकाच्या लग्नातली जांभळी साडी नेसली होती. पद्माबाईनं दोघींसाठी नवे ब्लाउज शिवले होते आणि पदराखाली फुटाण्यांची पुडी होती. ढाबा पुंजाजीवर सोपवला होता. निघताना जनकाबाईनं त्याला बऱ्याच सूचना दिल्या. त्यावर तो "बरं" म्हणाला, म्हणजे त्या दिवसाच्या कोट्यातला पाव भाग तिच्यावर खर्च केला.

हॉलबाहेर जनरेटर धडधडत होता. आत पंखे फिरत होते, पण हवा काही हलत नव्हती. स्टेजवर चाळीस-पन्नास माणसं खुर्च्यांवर बसलेली, पुरुष काळ्या कोटात आणि बाया काळ्या झग्यात.

"अगं माय," जनकाबाई म्हणाली, "कोण गेलं?"

"श्श्," सत्यशीला म्हणाली.

"काखेत कोट कसा खेचून राहिला बघ त्या जाड्याचा," पद्माबाई म्हणाली. "उसवणार. मधेच उसवणार."

मग सगळ्यांनी एकदम आपापली वाद्यं पारखायला सुरुवात केली. कोणी कुँय करतंय, कोणी घूं करतंय. जनकाबाईनं कान टवकारले. "सांजच्याला कोकरं सोडली की असाच गलका व्हतो. मला वाटलं गाणं हाय."

एक म्हातारा, पांढऱ्या केसांचा, हातात बारीक काडी घेऊन आला. लोकांना वाकून नमस्कार केला आणि सरळ त्यांच्याकडं पाठ करून उभा राहिला.

"आता ह्यो काहून रुसला?"

"तो त्यांना सांगतो, कोणी कधी वाजवायचं."

"त्याईला ठाऊक न्हाई? मंग इथं कशाला आले?"

सत्यशीलानं तिच्या मांडीला चिमटा काढला. वाजवणं सुरू झालं. बराच वेळ जनकाबाई गाणाऱ्याची वाट बघत राहिली. तो अभिजात आत्ता येईल, मग येईल, धूर सुटला की येईल. पहिला भाग संपला, तिनं टाळ्या वाजवल्या. हॉलमध्ये तिच्या एकटीच्याच टाळ्या वाजल्या. पुढच्या रांगेतल्या एक बाई मागं वळल्या आणि त्यांनी तिच्याकडं भाजीत अळी दिसावी तसं बघितलं.

"वाजवायच्या नसतात," सत्यशीला दातांतल्या दातांत म्हणाली. "पूर्ण झाल्यावर वाजवायच्या."

"मंग ते थांबले काहून?"

त्यानंतर जनकाबाई स्टेज न्याहाळू लागली. तेव्हा तिला तो माणूस दिसला. सगळ्यांच्या मागं, कोपऱ्यात, मिशांना पीळ दिलेला एक उंच सरदारासारखा माणूस, पण पगडी नाही. त्याच्या पुढ्यात पितळेच्या दोन मोठ्या झांजा, परातीएवढ्या. बाकीचे घाम गाळत होते आणि हा मांडीवर हात ठेवून बसला होता.

"पद्मे, तो बघ. काहीच करून न्हाई राहिला."

"मालकाचा मेव्हणा असंल," पद्माबाई फुटाणा फोडत म्हणाली.

मग संथ भाग आला. सारंग्यांसारखी वाद्यं इतकी हळू वाजू लागली की जनरेटरच त्यांच्यापेक्षा जोरात वाटू लागला. जनकाबाई पहाटेपासून उठलेली होती, खुर्ची मऊ होती आणि कोणी काही मागत नव्हतं. तिची मान पुढं आली. आधी नुसता श्वास जड झाला. मग माळावर ऐकू जाईल असं घोरणं सुरू झालं, वर चढताना घर्र आणि उतरताना फुस्स. सत्यशीलानं कोपर मारलं, जनकाबाईनं कूस बदलली. स्टेजवरची एक मुलगी वाजवता वाजवता हसू दाबायला लागली. तिच्यामुळं शेजारचा बिघडला. शेवटी म्हाताऱ्यानं काडी खाली केली आणि सगळं थांबलं. हॉलमध्ये घोरणं तेवढं चालू राहिलं.

म्हातारा वळला. सत्यशीलानं दोन्ही हातांनी तिला हलवलं. जनकाबाई दचकून उभी राहिली आणि पूर्ण आवाजात ओरडली, "किती रोट्या?"

अख्खा हॉल हसला. मागच्या कोपऱ्यातला झांजवालाही हसला, त्याच्या मिशा वर गेल्या. फक्त म्हातारा हसला नाही. तो पुन्हा वळला, थोडा थांबला आणि त्यानं काडी वर केली.

मध्यंतरात तिघी बाहेर व्हरांड्यात उभ्या होत्या. सत्यशीलाचा चेहरा उतरला होता. तिच्या खात्याचे दोन साहेब आत बसले होते आणि दोघांनी तिला ओळखलं होतं.

"परत तुला कुठंच नेणार नाही मी," ती म्हणाली. "लहान लेकरासारखं वागलीस."

"तूच फसवून आणलंस," जनकाबाई म्हणाली. "तुला बराबर ठाऊक व्हतं अभिजात कोणी न्हाई म्हणून."

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

"न्हाई!"

"मग?"

"मग काय? एकटी यायचं व्हतं. आमची काहून तकलीफ?"

"एकटीला यायची लाज वाटते म्हणून!" सत्यशीला ओरडली आणि तिचे डोळे भरले. "सगळ्या मॅडमा नवऱ्यासोबत येतात. माझा नवरा तिकडं नांदेडला, नोकरीला. मला वाटलं, आपल्या माणसांसोबत बसावं. एक दुपार. इतकं काय मागितलं मी?"

पद्माबाईनं दोघींपुढं फुटाण्यांची पुडी धरली. कोणी घेतले नाहीत.

तेवढ्यात सफारीतला एक गृहस्थ आला. कार्यक्रम भरवणाऱ्यांपैकी होता, छातीवर रिबिनीचा बिल्ला.

"ताई," तो जनकाबाईला म्हणाला, "पाहुणे कलाकार नाराज झालेत. तुम्ही आता घरी गेलात तरी चालेल. नाहीतर अगदी मागं, दाराजवळ बसा. तुमच्यासारख्यांना हे जरा... जड जातं."

जनकाबाईनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी सत्यशीला बोलली. पदरानं डोळे पुसलेलेच होते.

"आमच्यासारख्यांना म्हणजे?"

"तसं नाही, सिस्टर..."

"पासवर लिहिलंय का, घोरू नये म्हणून? दाखवा मला. आणि तिसऱ्या रांगेत ते गळ्यात साखळीवाले साहेब बसलेत, ते पण घोरत होते. मी ऐकलं. ते काय सुरात घोरले?"

"ते प्रमुख पाहुणे आहेत हो."

"मग ही माझी प्रमुख पाहुणी आहे. आणि आम्ही मागं नाही, पुढं बसणार. पुढच्या चार खुर्च्या रिकाम्या आहेत. हॉल भरायला बोलावलंत ना? भरतो."

बिल्लेवाला मागं सरकला. जनकाबाई सत्यशीलाकडं बघतच राहिली. मग तिनं पद्माबाईच्या पुडीत हात घातला, मूठभर फुटाणे काढले आणि सत्यशीलाच्या हातात कोंबले. तेवढ्यावर भांडण मिटलं. माफीचे शब्द दोघींपैकी कोणीच काढले नाहीत.

मध्यंतरानंतर त्या दुसऱ्या रांगेत बसल्या. आता झांजवाला स्पष्ट दिसत होता. सगळे वाजवणारे वाद्यांवर तुटून पडले होते, म्हातारा काडीनं हवा कापत होता, आणि झांजवाला मांडीवर हात ठेवून बसलेला. मधे मधे त्याचे ओठ हलत होते.

"पूजा करून राहिला," पद्माबाई कुजबुजली.

"आता वाजवंल," जनकाबाई म्हणाली. नाही वाजवलं. "आता बघ." नाही. तिला आता बाकीचं काही दिसेना. ढोलवाला दणादण वाजवत होता, तुताऱ्या ओरडत होत्या आणि तिचे डोळे त्या दोन पितळी परातींवर. तिला त्या माणसाचा राग यायला लागला आणि त्याची काळजीही वाटायला लागली. एखाद्या पंगतीत शेवटपर्यंत कोणी वाढलंच नाही, असा बसलेला दिसत होता तो. "अरे त्याला द्या की एक डाव," ती सत्यशीलाच्या कानात म्हणाली.

सत्यशीलाही आता त्याच्याकडंच बघायला लागली होती. मग पद्माबाईपण. तिघी खुर्चीत पुढं सरकून बसल्या.

सगळी वाद्यं चढत चढत एका जागी आली. झांजवाला उठला. शांतपणे झांजा उचलल्या, पाय फाकवून उभा राहिला. म्हाताऱ्याची काडी थेट त्याच्याकडं वळली आणि त्यानं दोन्ही हात उघडून अशी एक हाणली की पंख्यांवरची धूळ पडली असावी. आपण उभ्या आहोत, हे जनकाबाईला नंतर कळलं. दोन बोटं तोंडात गेली होती. शिट्टी हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

"हान रे वाघा!"

सत्यशीलानं तिला खाली ओढलं नाही. ती खुर्चीत दुमडून हसत होती, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वाजवणं थांबलं नाही, उलट शेवटाकडं धावत सुटलं. संपल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात मागच्या बाकांवरच्या कॉलेजच्या पोरांच्या शिट्ट्याही होत्या. जनकाबाईनं वाट मोकळी करून दिली होती.

नंतर ती कोणाला न विचारता स्टेजमागं गेली. झांजवाला कोट काढून गंजीफ्रॉकवर बसला होता. त्याचं नाव मोहनसिंग, फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेला.

"इतने सालों में मेरे लिए पहली सीटी बजी है, बहनजी," तो म्हणाला.

"वो सब ठीक है," जनकाबाई तिच्या हिंदीत म्हणाली, "लेकिन बाकी टाइम तुम बैठ के क्या करता?"

"गिनता हूँ. मेरी बारी तक गिनना पड़ता है."

"नींद नहीं आता?"

"एक बार आई थी." त्यानं इकडंतिकडं बघितलं. "जागा तो घबरा के बजा दिया. गलत जगह. पूरा ऑर्केस्ट्रा डर के मारे दौड़ने लगा. पाँच मिनट पहले खत्म हो गया प्रोग्राम."

जनकाबाई इतकी हसली की टेकायला भिंत शोधावी लागली. त्यांची बस वाशीमला मुक्कामाला निघणार होती, जेवायचं काही ठरलं नव्हतं. "नाके पे थांबना," ती म्हणाली. "बोंबलने वाली बाई का ढाबा. कोई भी बताएगा."

बाहेर आल्यावर तिनं हे मैत्रिणींना सांगितलं. सत्यशीलानं कपाळाला हात लावला. "किती माणसं बोलावलीस?"

"सगळे."

जीप मिळाली ती वर टपावर माणसं बसलेली, पण तिघी कशाबशा घुसल्या. दिवस बुडायच्या आत नाक्यावर उतरल्या. जनकाबाई रस्त्यावरूनच ओरडली, "ओ, पन्नास माणसं येऊन राहिले!"

"कोण?" पुंजाजीनं विचारलं.

"ऑर्केस्ट्रा!"

पुंजाजीनं थोडा विचार केला आणि भट्टीत चार लाकडं जास्त सारली. जांभळी साडी खोचून जनकाबाई पिठाला बसली, पद्माबाईनं कांदे चिरायला ओढले आणि सिस्टरनं सुई धरायच्या हातांनी लसूण सोलला. बस आली तेव्हा वांग्याची भाजी उकळत होती. काळे कोट खाटांवर पडले आणि सारंगीवाल्या मुली मांडी घालून भाकरी मोडू लागल्या. मोहनसिंगला जनकाबाईनं सगळ्यांच्या आधी वाढलं.

म्हातारा शेवटी बसला. त्यानं वाटीतल्या हिरव्या ठेच्याकडं बोट दाखवलं.

"वो आपके लिए नहीं है," जनकाबाई म्हणाली.

"क्यों नहीं?" असं म्हणून त्यानं चमचाभर ठेचा तोंडात घातला. आधी कान लाल झाले, मग नाक, आणि मग उचक्या सुरू झाल्या. अगदी नियमानं, एकसारख्या अंतरानं. त्याच्या माणसांनी माना खाली घातल्या, पण खांदे हलत होते. सत्यशीलानं दही आणून दिलं आणि पाठीवर हात फिरवला. म्हातारा पुसलेल्या डोळ्यांनी जनकाबाईकडं बघत म्हणाला, "बहुत... हिक्... बढ़िया." त्यानं आणखी एक भाकरी मागितली. जाताना त्यानं तिला वाकून नमस्कार केला, हॉलमध्ये लोकांना केला होता तसाच, पण या वेळी पाठ न फिरवता.

ही गोष्ट नाक्यावर पुष्कळ दिवस चालली. काही वर्षांनी सांगणाऱ्याच्या तोंडी पन्नासचे दोनशे झाले, चमचाभर ठेच्याचा पाटीभर ठेचा झाला, आणि म्हाताऱ्याला सलाईन लावलं असंही कोणी म्हणू लागलं. ते सत्यशीलानं नाकारलं नाही.

पुढच्या वर्षी त्या हॉलमध्ये कसलासा मोठा कार्यक्रम ठरला. बिल्लेवाला स्वतः उपकेंद्रात पास घेऊन आला. "या वेळी दोनच आहेत," तो जरा घुटमळत म्हणाला, "म्हणजे तुम्ही आणि मिस्टर." सत्यशीलानं पास परत केले.

त्याऐवजी त्या तिघी हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनाला गेल्या आणि आकाशपाळण्यात बसल्या. पाळणा वर जाऊन अडकला. जनकाबाई आणि पद्माबाई गावाचे दिवे बघत बसल्या, कोणतं देऊळ कुठं यावर वाद घालत. सत्यशीलाला भोवळ आली. खाली उतरल्यावर तिनं पाळणेवाल्याला असं काही सुनावलं की बघ्यांची गर्दी जमली. दोघी मैत्रिणी जरा बाजूला, आपण हिला ओळखतच नाही अशा चेहऱ्यानं, भजी खात उभ्या राहिल्या.